उच्च प्राथमिक वर्गांतील गर्दी आणि प्रज्ञावान विद्यार्थ्यांचे शिक्षण : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे शैक्षणिकदृष्ट्या एकाच घराचे दोन सोपे मानावे लागतात. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याचे नामांतर सांगली असे झाले. प्रशासन वेगळे झाले तरी कृष्णाकाठची शाळा, तिचा चालक, तिची वसतिगृहाची परंपरा आणि 'पोरगं हुशार आहे, त्याला मोठ्या गावी घाला' हा पालकांचा विचार दोहोंकडे समान राहिला. या विचाराचेच एक फलित म्हणजे तालुक्याच्या व बाजारपेठेच्या गावांतील माध्यमिक विद्यालयांमध्ये पाचवी ते आठवीच्या वर्गांत होणारी गर्दी होय.

ही गर्दी कमी करण्यासाठी प्रज्ञावान विद्यार्थ्यांकरिता असलेले कार्यक्रम वाढवावेत, त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा, स्वतंत्र तुकड्या किंवा निवासी केंद्रे काढावीत, म्हणजे हुशार मुलांचीही सोय होईल आणि मूळ वर्गही हलके होतील, असा एक विचार शिक्षणक्षेत्रात वेळोवेळी मांडला जातो. वरकरणी हा विचार एका दगडात दोन पक्षी मारणारा वाटतो. परंतु या दोन जिल्ह्यांतील शाळांची प्रत्यक्ष रचना पाहिली असता त्यातील हिशेब तितकासा सरळ नाही, हे ध्यानात येते. हा हिशेब कोठे चुकतो आणि कोणत्या अटीवर तो बरोबर ठरू शकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गर्दीचे स्वरूप

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याने पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे प्राथमिक शिक्षणाचे दोन स्तर मानले, आणि उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक असावा, तसेच विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी शिक्षक असावेत, असे निकष घालून दिले. महाराष्ट्रात मात्र त्यापूर्वी अनेक दशके वेगळीच घडी बसलेली होती. गावची जिल्हा परिषदेची शाळा बहुधा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत, आणि खाजगी अनुदानित संस्थांची माध्यमिक विद्यालये पाचवीपासून दहावीपर्यंत, ही ती घडी. कायदा बदलला म्हणून पालकांची सवय एकाएकी बदलत नाही. त्यामुळे आजही पुष्कळ ठिकाणी चौथी उत्तीर्ण झालेले मूल पाचवीसाठी दुसऱ्या गावी जाते आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरील मुले एकाच विद्यालयाच्या दारात जमा होतात.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. जिल्ह्याची एकूण विद्यार्थिसंख्या भागिले एकूण शिक्षकसंख्या, असे गुणोत्तर काढले तर गर्दी कागदावर दिसतच नाही. एका अंगाला पाटण, जावळी, महाबळेश्वर या डोंगरी तालुक्यांतील, तसेच शिराळ्याच्या पश्चिम भागातील वस्त्यांवर दहा-पंधरा मुलांच्या शाळा आहेत, तर दुसऱ्या अंगाला सातारा, कराड, सांगली, मिरज, विटा यांसारख्या गावांतील नावाजलेल्या विद्यालयांत प्रवेशासाठी रांगा आहेत. या दोहोंची सरासरी समाधानकारक येते. सरासरीने मात्र कोणाच्याही वर्गातील बाक रिकामा होत नाही.

डोंगरी भागातील पट घटण्याची कारणे केवळ जन्मदर कमी होण्यात नाहीत. पाटण-जावळी खोऱ्यांतील कुटुंबे कित्येक पिढ्या माथाडी कामासाठी आणि गिरण्यांसाठी मुंबईस गेली. कोयना धरणामुळे अनेक गावे उठली. खानापूर-आटपाडीकडील सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक देशभर पसरले आणि त्यांची मुले तिकडेच शिकू लागली. जत तालुक्याच्या पूर्व भागात कन्नड माध्यमाच्या शाळा असल्याने तेथील प्रश्नाला आणखी एक पदर आहे. उरलेल्या कुटुंबांपैकी ज्यांना थोडीफार ऐपत आहे, ती सेमी-इंग्रजीच्या ओढीने मुलाला शहरातल्या शाळेत घालतात. म्हणजे गर्दी आणि ओस पडणे हे दोन निरनिराळे प्रश्न नसून एकाच प्रवाहाची ती दोन टोके आहेत.

गर्दीचा परिणाम काय होतो, हे सांगण्यासाठी मोठ्या सिद्धान्ताची आवश्यकता नाही. सहावीत बीजगणिताची सुरुवात होते, अपूर्णांकांवरील क्रिया पक्क्या व्हाव्या लागतात, विज्ञानात प्रयोग येतात. वर्गात ७० मुले आहेत असे धरले आणि प्रत्येक वहीला फक्त दोन मिनिटे दिली, तर एका वर्गाच्या वह्या एकदा तपासण्यास १४० मिनिटे, म्हणजे जवळजवळ चार तासिका लागतात. असे तीन वर्ग ज्या शिक्षकाकडे आहेत तो वह्या तपासत नाही, त्यांवर सही करतो. यात त्याचा दोष नसतो. अशा वर्गात मागे पडलेले मूल दिसत नाही हे सर्वमान्य आहे. तथापि पुढे गेलेले मूलही तितकेच दिसेनासे होते, याची दखल क्वचितच घेतली जाते. उत्तर लवकर काढून गप्प बसणारे मूल गर्दीच्या वर्गात शिक्षकाच्या सोयीचे ठरते, आणि सोयीच्या मुलाकडे कोणी वळून पाहत नाही.

निवडीची परंपरा आणि तिचा हिशेब

हुशार मुले निवडून त्यांना वेगळे शिकविण्याची परंपरा या भागाला नवी नाही. देशातील पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी सातारा येथे सुरू झाली. तेथे सहावी व नववीत प्रवेशपरीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. त्याच दशकाच्या उत्तरार्धात ग्रामीण भागातील बुद्धिमान मुलांसाठी राज्य शासनाने निवासी शासकीय विद्यानिकेतने काढली, त्यांपैकी एक खटाव तालुक्यातील पुसेगाव येथे आले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या सुमारास नवोदय विद्यालयांची योजना आली. तिचे पहिले दोन प्रयोग १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपल्या राज्यातील अमरावती येथे झाले. पुढे सातारा जिल्ह्यात खावली व सांगली जिल्ह्यात पलूस येथे ही विद्यालये उभी राहिली. पुण्यात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने १९६९ मध्ये प्रशाला सुरू करून प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार मराठी समाजासमोर ठेवला, त्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. या सर्वांच्या जोडीला महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. ती प्रदीर्घ काळ चौथी व सातवीत होत असे, २०१७ पासून पाचवी व आठवीत होऊ लागली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीकडे नेण्याचा निर्णय शासनाने घेतला.

या संस्थांनी केलेले कार्य मोठे आहे. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या घरातील मुलाला सहावीपासून विनामूल्य निवास, भोजन, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा मिळते, ही सामान्य बाब नव्हे. नवोदयमध्ये किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी राखून ठेवलेल्या असतात, हे तर त्या योजनेचे मर्म आहे. मात्र गर्दी कमी करण्याचे साधन म्हणून या संस्थांकडे पाहिले, की आकडे आड येतात.

नवोदय विद्यालयात सहावीला साधारणतः ८० विद्यार्थी घेतले जातात, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत मिळून १६०. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख व सांगलीची २८ लाख होती. एका वयाची मुले लोकसंख्येच्या फक्त एक टक्का धरली तरी दोन जिल्ह्यांत सहावीच्या वयाची ५८ हजार मुले होतात. १६० हे त्यांतील हजारी तीनपेक्षाही कमी आहेत. सैनिकी शाळेचे विद्यार्थी तर एका जिल्ह्यातून येतच नाहीत. ही सर्व व्यवस्था दुप्पट केली, चौपट केली, तरी ७० मुलांच्या वर्गातून सरासरीने एखादे मूल बाहेर पडेल. वर्ग ६९ चा होईल. शिवाय जे मूल बाहेर पडले, तेच बहुधा शेजारच्या तिघांना गणित समजावून सांगत होते.

यावर असे म्हणता येईल की निवासी शाळा हा मार्गच खर्चिक आहे, त्याऐवजी चालू शाळांतच विशेष तुकड्या काढाव्यात. परंतु तशा तुकड्या आधीच आहेत. त्यांना 'अ तुकडी' म्हणतात.

'अ' तुकडी

माध्यमिक विद्यालयांतील तुकड्यांची रचना हा आपल्याकडील प्रज्ञाशोधाचा सर्वांत जुना आणि सर्वांत कमी अभ्यासला गेलेला प्रकार आहे. चौथीचे किंवा पाचवीचे गुण पाहून पहिल्या तुकडीत 'हुशार' मुले भरायची, तिला अनुभवी शिक्षक द्यायचे, अलीकडे तिलाच सेमी-इंग्रजी करायचे, आणि उरलेली मुले 'ब', 'क', 'ड' मध्ये वाटायची, ही पद्धत कोणत्याही शासननिर्णयावाचून वर्षानुवर्षे चालू राहिली. सर्वच शाळा असे करतात असे नाही. काही मुख्याध्यापक जाणीवपूर्वक मिश्र तुकड्या करतात. तरीही गावात कोणत्याही पालकाला विचारले तर कोणती तुकडी कसली, हे तो अचूक सांगतो, आणि दुर्दैवाने पाचवीतले मूलही सांगते.

या पद्धतीत गर्दी कमी होत नाही. गर्दीची फक्त प्रतवारी होते. 'अ' तुकडीत प्रवेशासाठी आग्रह, शिफारशी होत असल्याने पुष्कळदा तीच सर्वांत मोठी तुकडी ठरते. तीत चालणारा 'विशेष' कार्यक्रम म्हणजे सकाळचे जादा तास, सुटीतले सराववर्ग आणि शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिकांची उजळणी होय. या परीक्षांच्या राज्य व जिल्हा गुणवत्ता यादीत विद्यार्थी यावा म्हणून जिल्हा परिषदेचे शिक्षकही पदरमोड करून, रात्री-अपरात्री मुलांना शिकवितात. ही निष्ठा आदरणीयच आहे. पण तिच्यामुळे 'हुशार' या शब्दाचा अर्थ ठरावीक वेळेत ठरावीक प्रकारचे प्रश्न सोडविणारा, एवढाच उरला. ज्या मुलीला ओढ्याकाठच्या पक्ष्यांची शंभर नावे येतात किंवा जो मुलगा वडिलांची मोटार खोलून पुन्हा बसवितो, त्यांना या व्याख्येत स्थान नाही.

अमेरिकन अभ्यासक जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या विचारानुसार प्रज्ञावंताचे वर्तन हे सरासरीहून अधिक क्षमता, कामातील चिकाटी आणि सर्जनशीलता या तीन गोष्टींच्या मेळातून प्रकट होते. ते काही मोजक्या मुलांच्या कपाळी जन्मतःच कोरलेले नसते. म्हणून त्यांनी एकदाच चाळण लावून दोन-तीन टक्के मुले वेगळी काढण्याऐवजी १५ ते २० टक्के मुलांचा खुला गट ठेवावा, आणि गरजेप्रमाणे मुलांनी त्यात येत-जात राहावे, अशी रचना सुचविली. शिष्यवृत्ती परीक्षेच्या मुशीत वाढलेल्या आपल्या व्यवस्थेला ही कल्पना अद्याप पचलेली नाही.

वेगळे करणे आणि शिक्षक वाढविणे

हुशार मुले वेगळी केल्याने इतरांचे नुकसान होते की लाभ, या प्रश्नावर जगभर पुष्कळ वाद झाला आहे. त्यात आपल्या परिस्थितीशी सर्वांत जवळचे उदाहरण अमेरिकेतील नसून केनियातील आहे. एस्तेर दुफ्लो, पास्कालिन दुपा आणि मायकेल क्रेमर यांनी पश्चिम केनियातील १२१ प्राथमिक शाळांत २००५ पासून एक प्रयोग केला. तेथील पहिलीचे वर्ग अतिशय मोठे होते. प्रत्येक शाळेला एक जादा कंत्राटी शिक्षक नेमण्यासाठी निधी देण्यात आला आणि वर्गाचे दोन भाग झाले. सुमारे निम्म्या शाळांत हे भाग पूर्वीच्या गुणांनुसार, तर उरलेल्या शाळांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केले गेले. गुणांनुसार विभागलेल्या शाळांत वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही गटांतील मुलांची प्रगती अधिक झाल्याचे दिसून आले. शिक्षकाला आपल्या वर्गाच्या पातळीला धरून शिकविता आले, हे त्याचे एक कारण संशोधकांनी दिले.

हे उदाहरण 'अ' तुकडीच्या समर्थनार्थ पुढे केले जाण्याचा संभव आहे, म्हणून त्यातील अट नीट वाचली पाहिजे. तेथे वर्ग विभागले गेले कारण जादा शिक्षक आला. वर्गाचा आकार जवळपास निम्मा झाला तो शिक्षकामुळे, विभागणीने त्या शिक्षकाचा अधिक चांगला उपयोग करून घेतला इतकेच. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात झालेल्या प्रयोगातही १३ ते १७ मुलांच्या वर्गांतील बालके २२ ते २५ मुलांच्या वर्गांतील बालकांपेक्षा पुढे गेली, परंतु मोठ्या वर्गाला नुसता मदतनीस दिल्याने तसा फरक पडला नाही. या दोन्ही प्रयोगांतील मुले आपल्या पाचवी-सहावीच्या मुलांहून लहान होती हे खरे. तथापि ७० च्या चार तुकड्यांना अ, ब, क, ड अशी नावे देणे आणि एक शिक्षक वाढविणे यांतील भेद समजण्यास हे प्रयोग पुरेसे आहेत.

एका मुलाची किंमत

आपल्याकडे शिक्षकाचे पद पटावर अवलंबून असते. संच मान्यता ही शब्दयोजना पालकांना परिचित नसली तरी त्यांच्या गावच्या शाळेचे भवितव्य तीच ठरविते. विहित दिनांकास शाळेत नोंदलेली मुले मोजली जातात, त्यावरून मंजूर पदे ठरतात, आणि पट घटला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरून त्याचे समायोजन अन्यत्र होते. १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेविषयक शासननिर्णयाने कमी पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांचा प्रश्न अधिकच तीव्र केला आणि त्याविरुद्ध राज्यभर शिक्षक रस्त्यावर उतरले. त्याआधी २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला होता, त्यासही मोठा विरोध झाला.

या पार्श्वभूमीवर हुशार मुलांना उचलून नेणाऱ्या योजनेचा एक दुष्परिणाम स्पष्ट होतो. एखाद्या वाडीच्या शाळेत सहावी-सातवीत मिळून २२ मुले आहेत असे समजा. त्यांतील दोन नवोदयला लागली, एक सैनिकी शाळेत गेले आणि त्यांचे पाहून चौघांच्या पालकांनी मुलांना तालुक्याला घातले. उरली १५. शहरातील वर्गाला या चार मुलांमुळे भर पडली, वाडीच्या शाळेतून मात्र एक शिक्षक जाण्याची वेळ आली, आणि शिक्षक गेल्यावर उरलेल्या १५ जणांपैकी ज्यांना शक्य आहे ते पुढील जूनमध्ये जातील. अखेर ज्यांना कोठेच जाता येत नाही ती मुले उरतात. त्यांत मुलींचे प्रमाण जास्त असते, कारण मुलाला खोली करून ठेवणारे घर मुलीच्या बाबतीत तसा विचार करीत नाही. एस.टी.चा मोफत पास मुलींना मिळतो. पण पास असून भागत नाही, सायंकाळची गाडी वेळेवर यावी लागते.

म्हणून प्रज्ञावान मुलांचा कार्यक्रम वाढवावा किंवा नाही, हा प्रश्न अपुरा आहे. तो कोणत्या गावात वाढवावा, यावर त्याचे सर्व फलित अवलंबून आहे.

शाळा मुलाकडे नेण्याचा मार्ग

या जिल्ह्यांना या बाबतीत स्वतःचाच इतिहास उपयोगी पडू शकतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास आणले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. इथपर्यंतचा भाग सर्वज्ञात आहे, आणि खेड्यातील होतकरू मूल निवडून शहरात आणण्याच्या आजच्या कल्पनेशी तो जुळणाराही वाटतो. परंतु कर्मवीर तेथे थांबले नाहीत. १९३५ मध्ये त्यांनी शिक्षक घडविणारे विद्यालय काढले, आणि तेथून बाहेर पडलेल्या शिक्षकांच्या बळावर डोंगरकपारीत पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा उघडल्या. १९४० च्या दशकापासून गावोगावी माध्यमिक विद्यालये काढली. मूल शाळेकडे आणण्यापासून शाळा मुलाकडे नेण्यापर्यंतचा हा प्रवास होता. वसतिगृहाचे सगळ्यांना स्मरण आहे. व्हॉलंटरी शाळांचे तितकेसे नाही.

असाच विचार पुढे कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये शाळा संकुलाच्या रूपाने मांडला. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या परिसरातील प्राथमिक शाळा यांनी शिक्षक, प्रयोगशाळा व ग्रंथ यांची देवघेव करावी, अशी ती कल्पना. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे, म्हणजे याच दक्षिण महाराष्ट्राच्या मातीतले होते, ही गोष्ट येथे सहज आठवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळा संकुलाची कल्पना पुन्हा आली असून विशेष प्रतिभा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी शाळा, संकुल व जिल्हा पातळीवर विषयवार मंडळे असावीत, असेही त्यात सुचविले आहे. म्हणजे धोरणाचा आधार उपलब्ध आहे. प्रश्न जागा निवडण्याचा आहे.

ही जागा गर्दीच्या शाळेत नसावी. ज्या विद्यालयाला आधीच नाव आहे तेथे गणिताचे मंडळ, विज्ञानकेंद्र किंवा संगणकाची प्रयोगशाळा दिली तर त्याचे नाव आणखी मोठे होईल आणि जूनमधील रांग आणखी लांबेल. याउलट, मुख्य रस्त्यावर असलेली, इमारत बरी असलेली, पण पट निम्म्यावर आलेली सातवी-आठवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा निवडावी, तिला विज्ञान-गणिताचा खरोखर जाणता शिक्षक द्यावा, प्रयोगशाळा द्यावी, आणि आसपासच्या चार-पाच गावांतील मुलांनी तेथे पाचवी-सहावीत प्रवेश घ्यावा, अशी व्यवस्था करावी. अमेरिकेत १९७० च्या दशकात वाढलेल्या 'मॅग्नेट' शाळांचे तत्त्व हेच होते. वर्णभेदाने विभागलेल्या शहरांत, मुलांना सक्तीने हलविण्याऐवजी उपेक्षित वस्तीतील शाळेत विज्ञान, कला, भाषा यांचा उत्तम अभ्यासक्रम ठेवायचा, म्हणजे मुले आपणहून तेथे येतील. या प्रयोगाची एक उणीवही नोंदविली पाहिजे. काही ठिकाणी एकाच इमारतीत निवडलेल्या मुलांचे वर्ग वेगळे आणि त्या वस्तीतील मुलांचे वर्ग वेगळे राहिले. म्हणजे तेथेही 'अ' तुकडीच झाली.

सातारा-सांगलीच्या गर्दीवर या रचनेचा परिणाम होईल तो शहरातील मुले बाहेर नेल्यामुळे नव्हे. शहरातील पालक आपले मूल खेड्यात पाठवील ही अपेक्षा फारशी वास्तव नाही. परंतु शहरातील वर्गांत बसलेल्या मुलांपैकी मोठा भाग मुळात खेड्यांतून येणारा आहे, आणि ती मुले गावाजवळच थांबली तर गर्दी उगमापाशीच कमी होते. समजा, एका विद्यालयात सहावीच्या तीन तुकड्यांत २१० मुले आहेत. ३५ च्या निकषासाठी १०५ मुले कमी व्हावी लागतील किंवा तीन तुकड्या वाढवाव्या लागतील. नवोदयसारखी एखादी नवी संस्था त्यातून चार-पाच मुले घेईल. पण त्या विद्यालयाकडे येणाऱ्या रस्त्यांवरील पाच शाळांनी आपापल्या परिसरातील बारा-बारा मुले थांबविली, तर ६० मुले कमी होतील आणि प्रत्येक तुकडी ५० वर येईल. निकष तरीही गाठला जाणार नाही. उरलेल्या अंतरासाठी शिक्षकपदे भरावीच लागतील. मात्र त्या पाच शाळांतील पद वाचेल, हा लाभ त्या साठ मुलांपुरता मर्यादित नाही.

अडचणी

या मार्गातील पहिली अडचण प्रतिष्ठेची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेविषयी पालकांचा समज बदलता येतो, हे गेल्या काही वर्षांत दिसून आले आहे. सांगली जिल्हा परिषदेने आदर्श शाळांचा उपक्रम हाती घेऊन इमारती, वर्गखोल्या व अध्यापन यांकडे लक्ष दिले, त्याची चर्चा जिल्ह्याबाहेरही झाली. परंतु इमारतीवरील रंग दोन पावसाळे टिकतो. पालक अखेर शिक्षकाकडे पाहून मूल घालतो आणि त्या शिक्षकाची बदली झाली की मूल काढतो. म्हणून अशा केंद्रातील शिक्षकास किमान एक तुकडी पाचवीपासून आठवीपर्यंत जाईतोवर, म्हणजे चार वर्षे, तेथे ठेवण्याची तरतूद बदलीच्या नियमांत करावी लागेल.

दुसरी अडचण निवडीची. केंद्रात प्रवेशासाठी चाचणी ठेवली की तिच्यासाठी शिकवण्या सुरू होतील आणि जी मुले नाकारली जातील ती पुन्हा शहराच्या गाडीत बसतील. म्हणून शाळेत प्रवेश सर्वांना असावा. विशेष मंडळांत कोणी यावे ते शिक्षकांचे निरीक्षण, मुलांनी केलेले काम आणि त्यांची स्वतःची इच्छा यांवरून ठरावे आणि दर सत्रास ते बदलता यावे. जतच्या पूर्व भागात हे काम कन्नडमधूनही व्हावे लागेल, अन्यथा भाषेच्या अडचणीला बुद्धीची अडचण समजण्याची चूक होईल.

तिसरी बाब हजेरीपटाची, आणि ती सर्वांत किचकट आहे. आठवड्यातून दोन दिवस केंद्रात येणाऱ्या मुलाचे नाव मूळ शाळेच्याच पटावर राहिले तर मूळ शाळेचे पद टिकते, पण केंद्राला शिक्षक मंजूर होत नाही. नाव केंद्राच्या पटावर घेतले तर केंद्राला शिक्षक मिळतो आणि वाडीची शाळा बंद पडण्याच्या आणखी जवळ जाते. सध्याच्या संच मान्यतेत एका मुलाची गणना एकाच ठिकाणी होते. त्यामुळे चौथीपर्यंतच्या शाळांचे पद स्वतंत्रपणे सुरक्षित ठेवून, केंद्रातील विषयशिक्षकाचे पद मात्र संकुलातील सर्व शाळांच्या एकत्रित उच्च प्राथमिक पटावर मंजूर करणे, असा बदल आवश्यक ठरतो. तो शिक्षणाधिकाऱ्यांच्या अधिकारकक्षेत येत नाही, त्यासाठी शासनस्तरावरच निर्णय व्हावा लागेल. शिवाय पाचवीपासूनचे वर्ग चालविणाऱ्या अनुदानित संस्थांचीही तुकड्यांची मान्यता पटावरच अवलंबून असल्याने गर्दी कमी होणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने तुकडी जाणे होय. ३५ च्या वर नोंदलेल्या प्रत्येक मुलामागे पद न देणारी आणि मूल कमी झाले की पद मात्र काढून घेणारी ही पद्धत जोवर आहे, तोवर ७० चा वर्ग मुख्याध्यापकाला गर्दी न वाटता संरक्षण वाटत राहतो.